दोघं आल्याशिवाय माप नाही

आमच्या ह्यांना सगळा रस्ता गादीवाले म्हणून ओळखतो, पण समोरचा चष्मेवाला म्हणतो, "तुमचा खरा धंदा तडजोडीचा. गादी ही नुसती वरची खोळ." तो असं म्हणाला की हे भर चौकात सत्कार झाल्यासारखे खूश होतात. माझ्या मात्र कपाळाला आठ्या पडतात. तडजोड हा शब्दच मला आवडत नाही. जन्मभर बघत आले आहे, माणसं तो स्वतःसाठी वापरतच नाहीत. "मी तडजोड करतो" म्हणणारा एखादाच. "तुम्ही जरा तडजोड करा" म्हणणारे पैशाला पासरी. रांग मोडून पुढं घुसणारा म्हणतो, बसमध्ये पाय फाकवून बसलेला म्हणतो, आणि मुलासाठी स्थळं बघायला निघालेली आई तर, भाजी कोवळी हवी असं सांगावं तशी, मुलगी तडजोड करणारी हवी म्हणून सांगते. मुलगा कसा आहे ते कुणी विचारायचं नाही!

ह्यांचं तसं नाही, एवढं मात्र मला कबूल करावं लागतं. हे आधी स्वतः सरकतात आणि मग समोरच्याला म्हणतात, "तुम्हीही जरा." आणि नवल असं की समोरचा सरकतो. ह्यांच्यावर चिडायला मला एक जन्म पुरला नाही आणि चिडून बसायला कधी जागा मिळाली नाही, ती ह्या एका गोष्टीमुळं.

आमचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली आणि तिच्या मागं राहायच्या दोन खोल्या. दुकानात शिरल्या शिरल्या नाकात कापूस जातो आणि माणूस शिंकतो. नवं गिऱ्हाईक शिंकलं नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटतं. पुढं मोठी खिडकी आहे. तिच्या उजेडात ह्यांचा बाक. तिथं बसून हे मोठ्या दाभणानं गाद्यांना टाके घालतात आणि कडा शिवतात. खोळी मी शिवते, माझं मशीन आतल्या दाराशी. आणि कोपऱ्यात एक पलंग, त्यावर नमुन्याची गादी. ह्या पलंगानं जितकी भांडणं बघितली तितकी कुठल्या वकिलानं बघितली नसतील.

कारण ह्यांचा नियम असा, की दोघांच्या गादीची ऑर्डर एकट्याकडून घ्यायची नाही. कुणी एकटा आला की हे चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "दुसरं कुठंय?"

"ती घरी आहे. लांबी-रुंदी आणलीय मी लिहून."

"लांबी-रुंदी पलंगाची. माणसांचं काय? दोघं आल्याशिवाय माप नाही."

मग एखाद्या दिवशी ती दोघं येतात. हे त्यांना चपला काढायला लावतात आणि भर दिवसा, रस्त्यावरच्या लोकांच्या देखत, नमुन्याच्या गादीवर आपापल्या बाजूला आडवं व्हायला सांगतात. आधी दोघं लाजतात. मग हसतात. मग भांडायला लागतात. "अहो, मला खालचं फळीसारखं लागायला हवं." "फळीवर झोपायचंय तर दारावरच झोपा ना!" हे शांतपणे बाजूला उभे. मधेच वाकून हातानं दाबून बघतात, खांदा किती रुततो, कंबर कुठं टेकते. ह्यांचं म्हणणं, आडवं झालं की माणूस खोटं बोलत नाही. मी म्हणते, उभ्यानं तरी तुमच्याशी कोण खोटं बोलणार, तुम्ही सगळंच खरं धरता.

हा नियम काही आकाशातून पडला नाही. लग्नानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत हे शहाणपणा करायचे. एकाला घट्ट हवी, एकाला मऊ, तर हे बेताची करून द्यायचे. एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको अशी गादी घेऊन गेले. दोघंही चार दिवसांत परत. दोघांचाही हात कमरेवर. मास्तर म्हणाले, "मला खड्ड्यात झोपल्यासारखं होतं." बाई म्हणाल्या, "मला ओट्यावर झोपल्यासारखं होतं." मी मशीनवर मान खाली घालून पोट धरून हसत होते. हे मात्र गंभीर झाले. जेवताना एकदम म्हणाले, "मधलं म्हणजे तडजोड नव्हेच गं. मधल्यात तर दोघंही उपाशी राहिले." मग त्यांनी ती गादी उसवली. मास्तरांच्या बाजूला कापूस ठासून भरला, टाके जवळ जवळ घातले. बाईंच्या बाजूला पिंजलेला कापूस सैल सोडला, टाके लांब. आणि मधे उभी शिवण घातली, तिच्या दोन्ही अंगांना दोन्ही कापूस थोडा थोडा मिसळून, म्हणजे एकाचा हात दुसऱ्याकडं गेला तर उंबरठा लागू नये. तेव्हापासून आमच्याकडच्या गादीला दोन बाजू असतात. लांबून लांबून लोक येतात.

दुकानाबाहेरही ह्यांचं हेच. आमच्या वर एक भाडेकरू राहायला आला, त्याला बिगूल शिकायची हौस. शिकायची म्हणजे काय, नुसतं रेकायचं. मी कंबर कसून वर निघाले होते, तर हे आधी जाऊन आले. "ठरलं," म्हणाले. "तुझं मशीन चालू असेल तेव्हाच तो वाजवणार. दोन आवाज एकदम झाले की त्रास एकच." अहो, त्रास एकच कसा? दुप्पट! पण त्या माणसानं ते इतकं मनापासून पाळलं, की मशीनची सुई तुटून मी थांबले तर तोही अर्ध्या सुरात थांबायचा. मग मी काय भांडणार, कप्पाळ?

आणि घरात तर विचारूच नका. मला निळे पडदे हवे होते, ह्यांना हिरवे. आठवडाभर आमची धुसफूस. एका संध्याकाळी हे निळं कापड काखोटीला मारून घरी आले, आणि मी त्याच दुपारी हिरवे शिवून ठेवलेले. दोघंही एकमेकांकडं बघत उभे. शेवटी एका खिडकीला निळा, एका खिडकीला हिरवा लागला. येणारा-जाणारा हसतो. हसू दे. आमचं भांडण झालं की कोण आधी माघार घेतो ह्याचंच दुसरं भांडण होतं, आणि त्यात चहा निवतो. अशा घरात आमची एकुलती एक लेक वाढली.

लेक इमारतींचे नकाशे काढते. हात इतका स्वच्छ की बघत राहावं. पण जीभ माझ्यावर गेली नाही हे आमचं दुर्दैव, आणि स्वभाव सगळाच्या सगळा बापावर गेला. लहानपणी कुणी खेळणं मागितलं की देऊन मोकळी. मी ओरडायचे, "अगं बये, तुला नको का?" तर म्हणायची, "चालेल गं आई." शाळेत मागच्या बाकावर बसवलं, चालेल. मैत्रिणीनं रंगपेटी नेली, चालेल. हे कौतुकानं बघायचे. "माझी पोर कुठंही जमवून घेईल," असं चारचौघांत सांगायचे. मला तेव्हाही ते पटायचं नाही, पण बापाचं लेकीचं कौतुक चाललेलं, मधे काय बोलायचं?

तिचं लग्न ठरलं तेव्हा गादी अर्थातच ह्यांनी केली, आणि नियमाप्रमाणं दोघांना दुकानात बोलावून आडवं केलं. जावई आमचा उंचापुरा, हसरा, मोठ्या आवाजाचा. तो वाईट मुळीच नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही उगाच त्याच्या नावानं बोटं मोडाल. पिणारा नाही, हात उचलणारा नाही, वेडंवाकडं बोलणारा नाही. फक्त पसरट. जिथं बसेल तिथं त्याची पुस्तकं, त्याचे बूट, त्याचे मित्र, त्याचं हसणं सगळीकडं पसरणार. आमच्याकडं जेवायला आला की मला माझ्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं कोपऱ्यात उभं राहावं लागतं. त्याला घट्ट गादी हवी होती, हिला मऊ. ह्यांनी जीव ओतून केली. कडेची शिवण तर अशी, की मी आजवर ह्यांच्या हातची इतकी सुरेख दुसरी बघितली नाही.

लेकीबरोबर तिचं नकाशाचं टेबलही गेलं. तिरप्या फळीचं, मोठं, उभ्यानं काम करायचं. पहिल्यांदा मी गेले तेव्हा ते खिडकीशी होतं. पुढच्या खेपेला त्याच्या अर्ध्या भागावर जावयाचा कॉम्प्युटर आला होता. "तात्पुरतं आहे गं आई." मग खिडकीशी व्यायामाची सायकल आली आणि टेबल बोळात गेलं. मग बोळात कपाट आलं आणि टेबल स्वयंपाकघराच्या दारामागं गेलं. शेवटी गेले तर टेबल दिसेचना. घडी करून कपाटामागं उभं केलेलं, आणि लेक पलंगाच्या काठावर बसून मांडीवर फळी घेऊन नकाशा काढतेय. "चालेल गं," म्हणाली. माझं डोकं असं तापलं! घरी येऊन ह्यांच्यासमोर पाढा वाचला. हे म्हणाले, "दोघांचं दोघं बघतील. जमवतील." मी भांडी आपटली. भांड्यांखेरीज माझं ऐकतंय कोण?

असं चाललेलं असताना एका सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला. मागं गुंडाळलेली गादी, पुढं ड्रायव्हरशेजारी मांडीवर बॅग घेऊन आमची लेक. तेवढ्यात जावयाचा फोन. "बाबा, गादी एका बाजूला कलायला लागलीय. जरा भरून द्या ना. तोवर ही राहील तिकडं चार दिवस." साधी गोष्ट. गाद्या कलतात, लोक पाठवतात, आम्ही भरून देतो.

लेक आत जाऊन हातपाय धुवेपर्यंत आम्ही गादी जमिनीवर पसरली. आणि दोघंही तिच्यावर वाकलो.

गादीवर माणसं कशी झोपतात ते कापसावरून कळतं. त्यात ह्यांचं काही विशेष नाही, इतकी वर्षं खोळी शिवून मलाही कळतं. जावयाची बाजू दबलेली होती, ते ठीकच. पण मधली शिवणही चपटी झाली होती, आणि शिवणीच्या पलीकडं, लेकीच्या बाजूचा कापूसही दगडासारखा बसला होता. मऊ बाजू अशी उरलीच नव्हती. फक्त अगदी काठाला, वीतभर रुंदीची एक अरुंद खोलगट पट्टी. आमची पोर तेवढ्यात झोपत होती. आणि त्या पट्टीच्या कडेची ती सुरेख शिवण एका ठिकाणी उसवून तिचे धागे लोंबत होते. जिथं झोपलेल्या माणसाचा हात येईल, बरोबर तिथं. पडू नये म्हणून ती काठ धरून झोपत होती हो!

ह्यांनी त्या धाग्यांवरून बोटं फिरवली. मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. तर म्हणाले काय, "कापूस बदलायला लागेल."

"कापूस?" मी म्हटलं. "तुम्हाला कापूस दिसतोय?" आणि पुढं जे जे तोंडाला आलं ते सगळं बोलले. तुम्हीच तिला शिकवलंत, जमवून घे, जमवून घे! घ्या आता, जमलं सगळं! हे ऐकत राहिले. डोळे पाण्यानं भरले होते. तेवढ्यात लेक बाहेर आली आणि दारात थांबून तिनं विचारलं, "आई, इथं बसू का?"

स्वतःच्या घरात! बसू का म्हणून! मग मी बघायला लागले. पोर खुर्चीवर बसली तर टोकाला बसायची. जेवायला ताट मांडीवर घ्यायची, मेज मोकळं असताना. कुणी येताना दिसलं की भिंतीला चिकटून वाट द्यायची. मी विचारलं, तिकडं काही त्रास आहे का? "नाही गं. चांगलाच आहे तो." आणि हे खरं होतं, म्हणून तर मला भांडायलाही काही सापडेना.

गादी भरायचं काम ह्यांना एका दिवसाचं. पण ह्यावेळी ते संपेचना. आधी म्हणाले, कापसाला ऊन दाखवायला हवं. दाखवलं. मग म्हणाले, अजून ओल आहे. मग खोळ धुवायला काढली. जावयाचा फोन यायचा, "बाबा, झाली का गादी?" आणि हे म्हणायचे, "होतेय." माझा पारा चढत चालला. इकडं पोरीचा जीव टांगणीला आणि बापाचं तळ्यात-मळ्यात! एका दुपारी बघते तर हे खिडकीशी बसून सकाळीच घातलेले टाके उसवतायत. चांगले, घट्ट टाके.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

हे दचकले. मग हळू आवाजात म्हणाले, "गादी झाली की पोर जाईल ना गं."

मी त्यांच्याशेजारी बसले. "अहो, मग सांगा ना तिला, जाऊ नको म्हणून. तुम्ही सांगितलं तर राहील ती."

"राहील. मी राहा म्हटलं तर राहील, त्यानं ये म्हटलं तर जाईल. त्यात तिचं काय आलं?" दाभण हातात तसंच धरून ते म्हणाले. "तिला काय हवंय ते तिनं म्हणायला हवं. ते तिला येईना झालंय. मी टाके उसवतोय ते तेवढ्यासाठी. वेळ मिळावा म्हणून."

मी न भांडता उठून मशीनवर जाऊन बसले. आमच्या संसारात असं क्वचितच होतं.

आणि मग एका दुपारी जावई आणि विहीणबाई दोघं थेट दुकानातच आले. विहीणबाई तशा भल्या, हातात फळांची पिशवी. खुर्चीवर बसल्या, शिंकल्या, आणि विषयाला हात घातला. "हे बघा, मुलगी इतके दिवस माहेरी राहिली की लोक विचारतात. संसार म्हटला की थोडी तडजोड आलीच. आम्हीही केली, तुम्हीही केली. आणि टाळी काही एका हातानं वाजत नाही."

मी जीभ आवरायचं ठरवलं होतं. पण तडजोड आणि टाळी दोन्ही एकदम आल्यावर माझा काय इलाज? मी म्हटलं, "विहीणबाई, टाळीत दोन्ही हात हलतात. एकच हात हलला आणि दुसऱ्यानं नुसता मार खाल्ला, तर त्याला टाळी म्हणत नाहीत, चापट म्हणतात."

विहीणबाई ताडकन उठल्या. "माझ्या मुलानं हात उचलला म्हणता?"

"नाही, नाही!" आमची लेकच मधे धावली. "आईला तसं म्हणायचं नव्हतं. तुम्ही बसा. आई, जाऊ दे ना. मी जाते ह्यांच्याबरोबर. बॅग भरायला कितीसा वेळ." आणि ती खरंच आत वळली.

मीच माझ्या तोंडानं पोरीला हाकलल्यासारखं झालं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बाकावरून उठले.

"थांब पोरी," म्हणाले. "बॅग मग. आधी ह्यांचं काम होऊ दे."

जावयानं हसायचा प्रयत्न केला. "झाली का गादी, बाबा?"

"झाली."

हे आत गेले आणि गादी ओढत घेऊन आले. खरंच झाली होती. आदल्या दिवशी मी बाजारात गेले होते तेव्हा केली असणार. पलंगावर टाकून त्यांनी ती हातानं सरळ केली. मी पुढं होऊन हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी घट्ट. मधे शिवण नाही.

जावयानंही हात फिरवून बघितलं. "आणि हिची बाजू?"

"मी उघडून बघितली, जावईबापू," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मला सापडली नाही. म्हणून तुमच्या एकट्याच्या मापाची केली. आज घेऊन जा." मग लेकीकडं वळले. "आता तुझं. जायचं की राहायचं, ते तू सांगायचं. मला विचारशील तर मला तू इथं हवी आहेस. तुझ्याशिवाय हे घर मला खायला उठतं. पण माझ्यासाठी राहू नकोस आणि ह्यांच्यासाठी जाऊ नकोस. तुला काय हवंय?"

"तुम्ही सगळे म्हणाल ते..."

"नाही," हे म्हणाले.

ह्या माणसाच्या तोंडून असा कोरा करकरीत नकार मी तरी कधी ऐकला नव्हता.

मग जावईच बोलला. तोही बिचारा गोंधळला होता. "अगं, पण तू एकदा तरी म्हणालीस का मला? सरक म्हणून? टेबल काढू नको म्हणून? मी विचारायचो आणि तू चालेल म्हणायचीस. मला कसं कळणार?"

"कधीच म्हणाले नाही," लेक म्हणाली.

"का पण?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, आपण सरकलो की समोरचाही सरकतो. सांगावं लागत नाही. आमच्या घरी तसंच होतं."

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. इतक्या वर्षांत आमच्या संसाराला कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकून रडू यावं अशी वेळ आली होती. आमच्यात बसून पोर जे शिकली ते खोटं नव्हतं. फक्त ते आमच्या चार भिंतींतच चालत होतं, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

जावई म्हणाला, "मग आता सरकतो ना. सायकल काढतो. टेबल लावू परत खिडकीशी. शपथ."

खरं सांगते, माझं मन विरघळलं. पोरगा मनापासून बोलत होता. विहीणबाईही मान हलवत होत्या. इतका चांगला तोडगा कोण नाकारेल? सगळ्यांच्या नजरा लेकीवर. तिच्या ओठांवर तो नेहमीचा शब्द आलेला मला दिसला. अगदी आला होता. मी साडीचा पदर मुठीत आवळून बसले आणि एकदाच, पहिल्यांदाच, काही बोलले नाही.

"टेबल मला खिडकीशीच हवंय," ती म्हणाली. मग एक श्वास घेतला. "पण तिथं नाही. इथं."

एवढं बोलून ती ढसाढसा रडायला लागली, आणि रडता रडता पलंगावर, त्या नव्या गादीच्या मधोमध बसली. जावई दुसऱ्या खुर्चीत बसला. पाय आत ओढून, हात मांडीवर घेऊन. तो इतका आटोपशीर बसलेला मी आधी कधी बघितला नव्हता. मला त्याचीही दया आली. आली म्हणून काय लपवायचं?

ते गेले तेव्हा विहीणबाई दारात थांबल्या. मला वाटलं, आता शेवटचं काहीतरी टोचून बोलणार. तर म्हणाल्या, "टेबल पाठवते. नीट गुंडाळून पाठवते." आणि खरंच पाठवलं, जुन्या चादरीत गुंडाळून, कोपऱ्यांना कापड बांधून. भल्या बाई. पुढं काय व्हायचं ते होईल. जावई अधूनमधून फोन करतो, लेक कधी बोलते, कधी बोलत नाही. विचारल्यावर "आता नको" असं म्हणते. मी दुसऱ्या खोलीत बसून ऐकते आणि मनात तिची पाठ थोपटते.

टेबल आलं त्या सकाळचं सांगते. मागच्या खोल्यांत एवढं टेबल मावत नव्हतं; दुकानात खिडकी एकच, आणि खिडकीशी ह्यांचा बाक. मी ह्या घरात आले त्याच्याही आधीपासून तो तिथं. उजेड नसेल तर ह्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही. टेबल आत घेतलं तर ते खिडकीत अर्धंच मावेना. ह्यांनी बाक थोडा ढकलला. "बघ गं, एवढं पुरेल?"

टेबलाचा कोपरा बाकावर अडकत होता. फळी पुरती उघडत नव्हती. अर्ध्या फळीवरही नकाशा निघतो, मांडीवर तर निघतच होता. लेक हात टेकून उभी, बापाच्या बाकाकडं बघत. मी मशीनवर, पाय पट्टीवर तसाच थांबलेला. वरचा बिगूलही त्यामुळं गप्प.

"बाबा," लेक म्हणाली, "आणखी सरका."

ह्यांनी बाक उचलला तो थेट भिंतीपर्यंत नेला, अंधारात. आणि तिथून माझ्याकडं वळून, डोळे पुसत, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "ऐकलंस का गं? सरका म्हणाली!"